ताहिरचा फूट

आखातातल्या मीना सलमान बंदराच्या जुन्या धक्क्यावर, उत्तरेकडच्या पायऱ्यांपाशी, पाण्याची पातळी मोजण्याची एक पट्टी आहे. पांढऱ्या रंगावर काळे आकडे, फुटांत. १९८१ च्या डिसेंबरात एका बार्जने तिला धडक दिली. आमच्या कंपनीचा वेल्डर ताहिर परकार याने पाणबुड्याने दाखवलेल्या खुणेवर ती पुन्हा बसवली. खूण एक फूट खाली होती. तेव्हापासून ती पट्टी खऱ्या पातळीपेक्षा एक फूट अधिक दाखवते.

पट्टी हलवण्यापेक्षा कागद बदलणे सोपे होते. नोंदींच्या तक्त्यात तीन रकाने आले: वाचन, दुरुस्ती, शुद्ध पातळी. मधल्या रकान्यात ‘−१.०’ हा आकडा छापूनच येऊ लागला. ऑफिसात त्याला ‘ताहिरचा फूट’ असे नाव पडले. पुढे ताहिर सर्वेक्षणाच्या लाँचवर फोरमन झाला, पण नाव चिकटले ते चिकटलेच. चूक पाणबुड्याची होती, हे तो महिन्यातून एकदा तरी कोणाला ऐकवीत असे.

मी कंपनीच्या सर्वेक्षण विभागाचा प्रमुख. माझी मुलगी कश्मिरा लहान असताना सुट्टीत माझ्याबरोबर धक्क्यावर येई, पट्टी वाचून आकडा ओरडून सांगे आणि वर म्हणे, “आता ताहिरचाचांचा फूट काढा!” शाळा इंग्रजी असल्यामुळे तिचे मराठी लेखन मी त्याच तक्त्यांच्या मागच्या बाजूला करून घेत असे. शून्य ते शंभर अक्षरी लिहिताना ती सगळे बरोबर लिही. अडखळे ती पहिल्याच शब्दावर. ‘शुन्य’ असे लिही. मी पहिला उकार दीर्घ करून देई. पुढच्या पानावर तो पुन्हा ऱ्हस्व झालेला असे.

१९९७ च्या एप्रिलमध्ये ती चोवीस वर्षांची होती आणि कॅनडातल्या ब्रायरफोर्ड नावाच्या गावात, वृद्धांच्या शुश्रूषागृहात फिजिओथेरपिस्ट होती. गाव नऊशे वस्तीचे, रेड रिव्हरच्या काठी, गव्हाच्या सपाट माळावर. ही नदी उत्तरेकडे वाहते. त्यामुळे वसंतात दक्षिणेकडचा बर्फ आधी वितळतो, आणि ते पाणी अजून गोठलेल्या प्रदेशाकडे निघते. माळाला उतार जवळजवळ नाहीच. नदी पात्राबाहेर आली की तिला अडवणारे काही नसते. ती तीस-चाळीस किलोमीटर पसरते. उत्तरेच्या मोठ्या शहराला पाणी वळवणारा कालवा आहे. मधल्या लहान गावांना फक्त मातीचा गोल बांध. पूर आला की रस्त्याची फट मातीने बुजवतात आणि गाव बेट होते.

त्या वर्षी सीमेपलीकडच्या एका शहरात पाणी वर्तवलेल्या पातळीपेक्षा पाच फूट अधिक चढले होते. ती दृश्ये आम्ही हूरा भागातल्या आमच्या घरी टीव्हीवर पाहिली. पाण्यात उभ्या इमारती पेटल्या होत्या. माझी पत्नी लीना टीव्हीपुढून उठली ती थेट फोनकडे.

“तिला निघ म्हणावं,” ती म्हणाली. “गाव रिकामं करताहेत ना? मग ही कशाला थांबत्येय?”

गाव रिकामे झालेच होते. वृद्धांना शहरात हलवले होते. पंप आणि बांध सांभाळायला कश्मिराला धरून एकोणचाळीस माणसे मागे राहणार होती, आणि त्यांच्या जेवणाचे व औषधपाण्याचे कश्मिराने अंगावर घेतले होते. पण तिने अजून नक्की ठरवले नव्हते. पंचवीस तारखेला तिने मला विचारले.

“बाबा, सरकारी अंदाज साडेअठ्ठावीस ते साडेएकोणतीस फूट असा आहे. बांधाचा माथा तीसवर. तुमचा आकडा काय? इथे सगळ्यांना सांगितलंय मी, माझे बाबा समुद्र मोजतात.”

पाच दिवस ती बांधाच्या दक्षिण दारावरची पट्टी वाचून मला रोज फॅक्स करत होती. मी आकडे तक्त्यात भरले होते, आलेख काढला होता. मी सांगितले, “अठ्ठावीस. फार तर एक दशांश वर. दक्षिणेचा जोरदार वारा सुटला तर लाटा आणि चढ मिळून दीड फूट धर. तरी अर्धा फूट उरतो.”

“मग सरकार जास्त का सांगतं?”

“सरकारी आकड्यात भीतीची भर असते. भीती हे मोजमाप नव्हे.”

लीना शेजारीच उभी होती. तिने माझ्याकडे पाहिले.

कश्मिरा थांबली.

सत्तावीस तारखेला, रविवारी, दुपारी सव्वा वाजता तिचा फॅक्स आला. तिकडे पहाटेचे सव्वापाच. “२७.९. तुमचं अठ्ठावीस आलंच! सगळे रिलॅक्स झालेत. उरलेल्या वाळूच्या गोण्या पंपघराला लावल्या. संध्याकाळी वारा आहे म्हणतात, दक्षिणेचा.”

मी आकडा तक्त्यात भरला. मग तिचे वाक्य पुन्हा वाचले. माझ्या आलेखावर पाणी अजून कळसापासून, म्हणजे पुराच्या सर्वांत उंच पातळीपासून, एक फूट खाली होते. ‘आलंच’ असे ती का म्हणते, ते मला कळेना. वाटले, घाईत लिहिले असेल. पेन खाली ठेवले, पण नजर त्या शब्दावरून हलली नाही.

ताहिर लाँचच्या डिझेलचा कागद सहीसाठी घेऊन आला होता. तो माझ्या खांद्यावरून तक्ता पाहू लागला आणि मोठ्याने हसला.

“साहेब, म्हणजे ह्यो माझा फूट कॅनडाला पण पोचला म्हणायचा! मला इथून सुट्टी मिळत नाय, तो बघा बिनाव्हिसाचा फिरतो.”

मी तक्त्याकडे पाहिले. वाचन २७.९. दुरुस्ती −१.०. शुद्ध पातळी २६.९, माझ्या अक्षरात. त्याच्या वर सहा ओळी होत्या, सहाही तशाच.

मी कोरा तक्ता कपाटातून काढून वापरला होता. दुरुस्ती छापलेली होती. पंधरा वर्षांत माझ्या हाताला ती वजाबाकी मला न विचारता करायची सवय लागली होती.

“साहेब?” ताहिरचे हसू गेले. “काय झालं? मी मस्करी केली.”

“कळस अठ्ठावीस नाही,” मी म्हणालो. “एकोणतीस आहे.”

बेरीज करण्याची गरज नव्हती, तरी मी ती कागदावर केली. एकोणतीस अधिक दीड, साडेतीस. बांधाचा माथा तीस. ओल्या मातीच्या बांधावरून पाणी एकदा वाहू लागले की ते आपली वाट स्वतःच खोल करते. असा बांध पूर्ण फुटायला किती वेळ लागतो, याची गणिते मी पूर्वी केलेली होती. उत्तर तासांत येत नाही, मिनिटांत येते. 

फोन लावला. गावाच्या कचेरीचा नंबर व्यस्त. पुन्हा व्यस्त. शुश्रूषागृहात घंटा वाजत राहिली. तिथे कोणी नव्हतेच. ताहिरने मला न विचारता फॅक्सच्या यंत्रात कोरा कागद सरकवून ठेवला. मी इंग्रजीत तीन वाक्ये लिहिली: माझा आकडा एक फुटाने चुकला आहे. कळस एकोणतीस. वारा सुटण्याच्या आत बाहेर पडा.

कागद आत गेला, परत बाहेर आला. लाइन व्यस्त. चौथ्या वेळी गेला.

त्यानंतरची बावन्न मिनिटे मी घड्याळ आणि यंत्र यांखेरीज कशाकडेही पाहिले नाही. ताहिर दारापाशी उभा होता. एकदाच बोलला.

“चिपळूणला आमच्या मावशीच्या घरात पाणी शिरलं तेव्हा ती माळ्यावर बसून होती. लोक सांगत होते, भरती उतरली की पाणी उतरेल.”

“उतरलं?”

“उतरलं,” तो म्हणाला. मावशीचे काय झाले ते त्याने सांगितले नाही.

फोन वाजला.

“बाबा, फॅक्स मिळाला. एक फूट कुठला?”

“ताहिरचा.”

तारेत खरखर होती.  तिला समजावून सांगावे लागले नाही. जगात हे न समजावता कळणारी माणसे दहा-बाराच असतील.

“ओ गॉड. तुम्ही तो काढलात?”

“छापलेला होता.”

“म्हणजे एकोणतीस.”

“आणि वर वारा. तू निघ. आत्ताच्या आत्ता.”

“रस्ता गुरुवारपासून पाण्याखाली आहे. हेलिकॉप्टर मागवलं तर येतं.”

“मग मागव.”

“आणि बाकीच्या अडतीस जणांना काय सांगू? माझ्या बाबांची वजाबाकी चुकली म्हणून मी चालले, बाय?”

“वजाबाकी बरोबर होती. ती करायला नको होती.”

“बाबा, प्लीज! या वेळी तरी!” ती हसली की रडली, ते मला ओळखता आले नाही. “ते माझ्या शब्दावर थांबलेत. गोण्या त्यांनी माझ्या शब्दावर पंपघराला लावल्या. दक्षिणेची बाजू बाराशे मीटर आहे. तिथे एक फूट चढवायचाय. वारा कधी?”

“तुमच्या सहाला.”

“अकरा तास आहेत. यल्ला, चला, ठेवते. आईला सांगा.”

आईला सांगणे हे मी करू शकत होतो असे एकमेव काम होते, आणि ते मी संध्याकाळपर्यंत लांबवले. लीनाने उभ्यानेच ऐकून घेतले. मग ती खुर्चीवर बसली.

“तुम्ही सांगितलंत म्हणून ती थांबली,” ती म्हणाली. “मी निघ म्हणत होते. का, तर मला भीती वाटत होती. तेवढंच कारण होतं माझ्याकडे, आणि ते बरोबर निघालं.”



सकाळी साडेसहाला आम्ही दोघे ऑफिसात गेलो. इतक्या वर्षांत लीना तिथे कधी आली नव्हती. ताहिर आधीच येऊन बसला होता. फॅक्सच्या तबकातले कागद त्याने उचलले नव्हते.

“हात नाय लावला, साहेब. तुम्हीच बघा.”

चार कागद होते. चारही कश्मिराच्या अक्षरात, तिकडच्या वेळेने. पाच वाजता २८.४. सहा वाजता २८.८, वारा सुटला. सात वाजता २९.१. आठ वाजता २९.५, आणि खाली: “लाटा गोण्यांवर. थोड्या गोण्या उरल्यात.”

आठनंतरचा कागद नव्हता. तिकडे आता साडेदहा वाजले होते.

नोंद न येण्याची कारणे अनेक असू शकतात: वीज जाणे, तार तुटणे, यंत्रातला कागद संपणे. मी ती मनात मांडली आणि प्रत्येकाची शक्यता ठरवू लागलो. शेवटच्या, बांध फुटल्याच्या कारणापाशी आलो की पुन्हा पहिल्यापासून मांडत होतो. उथळ पाण्यावर वारा चालला म्हणजे काय होते, ते मी इथल्या शमाल नावाच्या वायव्य वाऱ्यात पाहिले आहे. पाणी एका अंगाला गोळा होते आणि तिथेच उभे राहते. खिडकीबाहेर धक्क्यावर पाणी शांत होते. पट्टी नेहमीप्रमाणे एक फूट खोटे सांगत उभी होती.

सात वाजून चाळीस मिनिटांनी यंत्र वाजले. लीनाने माझा दंड धरला. कागद हळूहळू बाहेर आला. मोठी, तिरकी, अनोळखी इंग्रजी अक्षरे: “२९.६ ला थांबलं. आता २९.४. दोन ठिकाणी पाणी वरून आलं, बुजवलं. कश्मिरा ट्रकमध्ये झोपली आहे.” खाली सही, वाचता न येणारी.

“झोपलीय!” लीना म्हणाली आणि पदराने डोळे टिपले. “अहो, झोपलीय ती.”

“हे तिचं अक्षर नाही,” मी म्हणालो.

“माणूस झोपेत लिहितो का?”

“झोपली आहे, असं त्या माणसाचं म्हणणं आहे. वाईट बातमी आईबापांना कोणी फॅक्सवर लिहून कळवत नाही.”

हे वाक्य मी बोलायला नको होते. लीनाचा चेहरा पाहिल्यावर ते कळले. पण ते खोटे नव्हते, आणि एकदा बोलल्यावर ते खोलीतून जाईना. ताहिरने चहा मागवला. तो कोणी प्याले नाही. नऊ वाजले. दहा. फोन लागत नव्हता. मी तो तिरका कागद इतक्या वेळा वाचला की अक्षरांचा अर्थ उरला नाही.

साडेतीनला, म्हणजे तिकडे सकाळी साडेसातला, यंत्र पुन्हा वाजले.

कागदावर हाताने तीन रकाने आखलेले होते. रेघा वाकड्या होत्या, चिखलाचा डाग यंत्राने काळा करून पाठवला होता. पहिल्या रकान्यात २९.१. तिसऱ्या रकान्यात २९.१. मधल्या रकान्यात आकडा नव्हता. तिथे देवनागरीत एकच शब्द लिहिला होता, दहा वर्षांच्या मुलीच्या अक्षरात: शुन्य.

मी तो शब्द लीनाला दाखवला. पहिला उकार ऱ्हस्व होता.

“तीच आहे,” मी म्हणालो.

मग मी तक्त्यांचा उरलेला गठ्ठा कपाटातून काढून ताहिरच्या हातात दिला आणि ओहोटी किती वाजता आहे ते विचारले. पट्टी उतरवायला पाणी खाली असावे लागते.