माझ्या बॉनेटवर वाळलेलं झाकण

मित्रांनो, मेहरूणला चुडामण आबांच्या अंगणात, विटांच्या थप्प्यांवर, चाकांविना उभी आहे ती जुनी जीप मीच. रंग विचारू नका. पूर्वी हिरवा होता.

माझा जन्म मुंबईच्या कारखान्यातला, पण आयुष्य गेलं ते खान्देशच्या धुळीत. जामनेरच्या बाजारापासून भुसावळच्या स्टेशनापर्यंत मी केळीचे घड वाहिले. आबा आणि मंदाबाईंची वरात माझ्यातूनच निघाली. वाटेत कुणाची गाडी रुतली की लोक मलाच बोलावायचे. दसऱ्याला मला आंघोळ, झेंडूचा हार, आणि आबा नारळ फोडून त्याचं पाणी माझ्या बॉनेटवर ओतायचे. ते दोन्ही अंगांनी ओघळायचं आणि मी वर्षभर मिरवायचे.

पुढे आबांचे गुडघे धरले, क्लच दाबवेना. माझी चाकं निघाली, सीटवर कोंबड्या अंडी घालू लागल्या. तेही सोसलं. पण मुलगा रुपचंद मुंबईहून लाल स्पोर्ट्स कार घेऊन आला आणि माझ्या जिवाची लाही झाली.

दोनच सीटा! ना घड मावायचा, ना पाहुणा. बुटकी इतकी, की आत बसताना मंदाबाईंना पदर, गुडघे आणि देव, तिघांनाही सांभाळावं लागे. तरी सगळी गल्ली बघायला लोटली. त्या दसऱ्याला हार तिला, कुंकू तिला, नारळही तिलाच. माझ्याकडे कुणी फिरकलं नाही. तिच्या बॉनेटला माशाच्या कल्ल्यांसारख्या फटी होत्या. आबांनी ओतलेलं पाणी त्यांतून सरळ आत गेलेलं मी पाहिलं. बोलता येत असतं तरी मी बोलले नसते.

दुपारी रुपचंद मंदाबाईंना धुळ्याला नेणार होता. त्यांची म्हातारी आई, द्रौपदाबाई, नजरेनं अधू झाली होती. उजेडात चेहरा कळायचा, अंधारात नाही. या दसऱ्याला लेकीचा चेहरा बघायचाय, पुढच्या वर्षी दिसेल की नाही कोण जाणे, असा तिचा निरोप होता. एसटीनं गेलं तर पोचायला रात्र झाली असती.

रुपचंदनं सेल्फ मारला. गाडी घरघरली आणि गप्प झाली. पुन्हा मारला, पुन्हा तेच. मला भलताच आनंद झाला, खोटं कशाला बोलू? मंदाबाई आपट्याची पानं हातात घेऊन पायरीवर बसल्या.

शेजारच्या गॅरेजातून शकील आला. रुपचंद म्हणाला, बॅटरी उतरली. शकील म्हणाला, बॅटरी उतरली असती तर सेल्फ इतका जोरात फिरला नसता. पेट्रोल येत होतं, वासच सांगत होता. मग त्यानं प्लग काढून ठिणगी पाहिली. ठिणगी नाही. शेवटी, जिथून सगळ्या प्लगांना करंट वाटला जातो त्या डिस्ट्रिब्युटरचं झाकण उघडलं. आत ओल होती. त्यानं बोट फिरवून जिभेला लावलं.

"अक्का, हे गोड लागतंय. पूजेत काय पाजलं हिला?"

आबा एकदम कोंबड्या हाकलायला लागले.

"दरसाल जीपला पाजतो मी," ते तिकडूनच म्हणाले. "तिनं कधी कुरकुर केली नाही."

मित्रांनो, इतक्या वर्षांत त्यांनी माझं केलेलं हे पहिलं कौतुक.

मंदाबाई उठल्या. "शकीलभाऊ, काहीबी कर. दिन बुडना का मायले दिसस नही."

शकीलनं आतली ओल टिपली, झाकण पेट्रोलच्या फडक्यानं पुसलं आणि वाळायला जागा शोधली. आश्विनातल्या उन्हात सगळ्यात तापलेलं होतं ते माझं बॉनेट. सवतीचं झाकण माझ्याच अंगावर! पण मंदाबाई माझ्याशेजारी उभ्या राहून एकदा उन्हाकडे, एकदा झाकणाकडे बघत होत्या. याच बाईला नवी नवरी म्हणून मी या दारात आणलं होतं. मग मी होती नव्हती ती ऊब दिली.

झाकण बसलं, सेल्फ लागला, लाल गाडी गुरगुरली. निघता निघता मंदाबाईंनी तिचा हार काढून माझ्या गळ्यात घातला. वाऱ्यानं फुलं उडून जातील, म्हणाल्या. आबांकडे मात्र बघितलं नाही.

परतल्यावर अंगणात ऐकलं ते असं: दिवस मावळायच्या आत त्या धुळ्याला पोचल्या. आईनं चेहरा पाहिला, वर वाळलीस म्हणून रागावलीसुद्धा.

लाल गाडीचा हेवा मला अजून वाटतो. पण तुमच्या घरी नवं काही आलं, तर पूजेच्या ताटातलं एक फूल जुन्यासाठी राखून ठेवा. आणि नव्या गाडीच्या बॉनेटला फटी असतील, तर नारळाचं पाणी तिच्यावर ओतू नका. माझ्यावर ओता.