आरशातली बचावफळी

माझ्या सलूनमध्ये तीन खुर्च्या आहेत. फायनलच्या आधीच्या पंधरवड्यात तिथे केस कमी कापले गेले आणि कीसच जास्त काढला गेला. आमचा फुटबॉल क्लब एकोणीस वर्षांनी फायनलला पोचला होता, आणि आपण तोंड उघडलं नाही तर क्लब हरणार, असं प्रत्येकालाच वाटत होतं.

त्यात सगळ्यांत मोठं तोंड माझं, हे मी कबूलच करतो. वस्तरा हातात असलेल्या माणसाला मध्येच कोणी थांबवत नाही. त्यामुळे तीस वर्षांत मला थांबायची सवयच लागलेली नाही.

समोरच्या टीमची सेमीफायनल नेमकी आमच्याच सेमीफायनलच्या वेळी दुसऱ्या मैदानावर झाली. ती आमच्यापैकी कोणीच पाहिली नव्हती, कोचनेसुद्धा नाही. पोस्टमनच्या मेव्हण्याने मात्र कडेला उभं राहून ती फोनवर उतरवून आणली. ते रेकॉर्डिंग मी सलूनच्या टीव्हीवर लावलं, आणि झालं! केमिस्ट दुकान बायकोवर टाकून यायला लागला, पोस्टमन टपालाची पिशवी कोपऱ्यात ठेवून बसायला लागला, आणि मी त्यांचा सरसेनापती झालो.

आमचा टीव्ही मागच्या भिंतीवर आहे, बाकाच्या बरोब्बर वर. खुर्चीतलं गिऱ्हाईक तो समोरच्या आरशात बघतं. बाकावरचे लोक टीव्हीच्या खालीच बसलेले असतात, म्हणून तेही आरशातच बघतात. माझं तर आयुष्यच आरशात गेलं. बातम्यांच्या उलट्या पट्ट्या आमची जुनी गिऱ्हाइकं घडाघड वाचतात.

तर त्या रेकॉर्डिंगमध्ये त्यांचा एक अकरा नंबर होता. बुटका, मान खाली घालून पळणारा, आणि पायात भिंगरी बांधल्यासारखा. त्याने एकट्याने त्या मॅचमधल्या दुसऱ्या टीमच्या बचावफळीची अशी भंबेरी उडवली की केमिस्ट दोनदा बाकावरून उठून उभा राहिला. तो अकरा नंबर सारखा एकाच कडेने येत होता, आणि ती कड म्हणजे आमची उजवी बाजू.

आमच्या उजव्या बाजूला माझा धाकटा भाऊ खेळतो.

धाकटा बसडेपोत मेकॅनिक आहे. सोळा वर्षं तो क्लबचा उजवा बॅक आहे आणि लोक त्याला खांब म्हणतात. पूर्वी कौतुकाने म्हणायचे. आता छत्तीस वर्षांचा झाला, पाय जड झाले, तर तेच नाव हसून घेतात. ही फायनल झाली की बूट खुंटीला टांगणार, हे त्याने घरात आधीच सांगून टाकलं होतं.

मी आरशापुढच्या फळीवर टीम मांडली. तुरटीचा खडा गोलकीपर, त्याच्यापुढे दाढीचे चार ब्रश म्हणजे चार बॅक, आणि बंद वस्तरा म्हणजे तो अकरा नंबर. वस्तरा कितीही वेळा सरकवला तरी उजव्या ब्रशाला वळसा घालून तुरटीपर्यंत पोचायचा.

"हा ब्रश बदलल्याशिवाय गत्यंतर नाही," केमिस्ट म्हणाला, आणि मग त्याला आठवलं की तो ब्रश माझा भाऊ आहे. "म्हणजे, राग मानू नका."

"राग कसला? क्लबपुढे भाऊ काय आणि मेव्हणा काय," मी छाती काढून म्हणालो. उचलली जीभ लावली टाळ्याला. "डाव्या बाजूचा तो चपळ बॅक उजवीकडे आणायचा. डावीकडे राखीव कोणीही चालेल, तिकडे कोण येतंय? आणि धाकट्याला बाहेर बसवायचं."

त्या वेळी मधल्या खुर्चीत मास्तर बसले होते. मास्तर शाळेत भूगोल शिकवतात आणि संध्याकाळी आमचे कोच असतात. केसांना कलप लावला की त्यांना चाळीस मिनिटं हलता येत नाही, त्यामुळे अख्खा पहिला हाफ त्यांनी आमच्याबरोबर आरशात पाहिला होता. आणि गुरुवारी क्लबच्या फळ्यावर नावं लागली, त्यात धाकट्याचं नव्हतं.

आम्ही एकाच घरात राहतो, तो वर, मी खाली. गुरुवारी संध्याकाळी तो जिन्यावर भेटला तेव्हा त्याने घड्याळाकडे पाहिलं आणि निघून गेला. त्याच्या मनगटावर घड्याळ नव्हतं. शुक्रवारी तेच, शनिवारी तेच. मी बायकोला म्हणालो, "होईल शांत." ती म्हणाली, "तो शांतच आहे. तेच तर वाईट आहे."

फायनल रविवारी चार वाजता होती. सकाळी मास्तर दाढीला आले. केमिस्ट आणि पोस्टमन बाकावर होतेच, आणि रेकॉर्डिंग चालू होतं. मास्तरांचा एक गाल झाला होता, दुसऱ्यावर फेस होता, तेवढ्यात दार उघडून धाकट्याची बायको आत आली. ती दवाखान्यात नर्स आहे. तिच्या आवाजाने माणूस आपोआप बाही वर करतो.

"भाऊजी, तीन दिवस घरातला माणूस धड जेवत नाहीये. आज टीममध्ये नाही तर सुट्टी कशाला, म्हणून ड्युटी मागून घेऊन डेपोत गेलाय."

मी आरशातूनच म्हणालो, "अगं, क्लबच्या भल्यासाठी..."

"आरशात बघून बोलू नका. इकडे वळा. माझ्या तोंडाकडे बघून सांगा, की तुमचा भाऊ आता कामाचा राहिला नाही."

ती बाकाजवळ उभी होती. मी वळलो खरा, पण तिच्याकडे बघायची माझी छाती झाली नाही. नजर तिच्या डोक्यावरून वर गेली. वर टीव्ही होता. टीव्हीत अकरा नंबर पळत होता, आणि तो भलत्याच दिशेला पळत होता.

मी आरशात पाहिलं. परत टीव्हीकडे पाहिलं. परत आरशात. पोस्टमनला वाटलं माझी मान धरली.

दोन आठवडे. दोन आठवडे आम्ही ती मॅच उलटी पाहिली होती! तो गडी आमच्या उजव्या बाजूने नाही, डाव्या बाजूने येत होता. इंग्रजी आकड्यांतली अकरा ही संख्या अशी लबाड, की आरशात बघा नाहीतर सरळ बघा, अकराच. हातच्या कांकणाला आरसा कशाला म्हणतात, आणि आम्ही कांकणच आरशात बघत बसलो होतो.

खोटं कशाला बोलू, एक क्षण वाटलं की गप्प बसावं. हे बाहेर फुटलं तर मी मरेपर्यंत लोक हसणार. पण धाकट्याची बायको माझ्या तोंडाकडे बघत होती, आणि तिने मला तशी मुभा दिली नाही.

"मास्तर," मी म्हणालो, "जरा मागे वळून बघा."

"हातात वस्तरा आहे तुमच्या."

"वस्तरा ठेवला. वळा."

मास्तर वळले. अर्ध्या तोंडाला फेस, अर्धं तोंड उघडं. केमिस्ट आणि पोस्टमन बाकावरून उठून खोलीच्या मध्ये आले आणि माना वर करून उभे राहिले. मग पोस्टमन हळूच म्हणाला, "मास्तर, तुम्ही भूगोल शिकवता ना हो?"

आधी केमिस्टला हसू फुटलं. मग मास्तरांना, इतकं की फेस माझ्या टीव्हीपर्यंत उडाला. धाकट्याच्या बायकोला काय झालंय ते कळल्यावर ती बाकावर बसली आणि पदराने डोळे पुसत हसत राहिली. ज्या बचावफळीची आम्ही डोकी खाजवून मोडतोड केली, ती मुळात बरोबर होती. चपळ बॅक डावीकडे, धाकटा उजवीकडे, सोळा वर्षं होता तसा.

"जा," मास्तर मला म्हणाले, "त्याला घेऊन या. उरलेला गाल मी घरी करतो."

मी तसाच ॲप्रन घालून डेपोत पळालो. धाकटा खड्ड्यात उतरून बसच्या पोटाखाली काम करत होता. मी वाकून, धापा टाकत, सगळं सांगितलं. आरसा, टीव्ही, मास्तर, फेस. मला वाटलं तो हसेल. पान्याचा आवाज तेवढा थांबला.

"म्हणजे," खालून तो म्हणाला, "तो माझ्या बाजूने येत नाही, म्हणून मी खेळायचं."

"हो ना! तेच तर!"

"आणि आला तर?"

मी तोंड उघडलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यातून काही निघालं नाही. दोन सेकंद गेले असतील, फार तर तीन. पण भावाला तेवढे पुरतात.

"बरं," तो म्हणाला. पाना पुसला, खड्ड्यातून वर आला, आणि माझ्याकडे न बघता हात धुवायला गेला. क्लबसाठी तो खेळणार होता, माझ्यासाठी नाही. परत येताना माझे पाय धाकट्यापेक्षा जड झाले होते.

चार वाजता मैदानावर मुंगीला शिरायला जागा नव्हती. सलूनची बातमी माझ्याआधी पोचली होती. लोक माझ्याकडे पाठ करून उभे राहायचे, मग वळून म्हणायचे, "सरळ दिसतोय का?" मी दात काढून हसलो. दुसरं करणार काय?

पण रचना चोख बसली. अकरा नंबर डावीकडून आला आणि आमच्या चपळ बॅकने त्याला एक पाऊल मोकळं दिलं नाही. पंचविसाव्या मिनिटाला कॉर्नरवरून आमच्या सेंटर फॉरवर्डने डोक्याने गोल मारला. केमिस्टने पोस्टमनला उचललं, पोस्टमनने मला उचलायचा प्रयत्न केला आणि आम्ही तिघंही पडलो. हाफटाइमला आम्ही एक शून्यने पुढे होतो.

समोरचा कोच काही आरशात बघून आला नव्हता. दुसरा हाफ सुरू झाला आणि अकरा नंबर शांतपणे मैदान ओलांडून पलीकडे गेला. आमच्या उजवीकडे. धाकट्यासमोर.

पहिल्याच वेळी तो धाकट्याला हुलकावणी देऊन गेला आणि त्याचा फटका गोलच्या खांबाला लागून बाहेर आला. मास्तर उठले. राखीव खेळाडू जागच्या जागी उड्या मारायला लागला. आणि मग मास्तरांनी वळून दोरीपलीकडे माझ्याकडे पाहिलं आणि हाताने खूण केली: बदलू का?

एवढी माणसं असताना त्यांनी मलाच का विचारावं? सोळा वर्षं हा माणूस तिथे उभा आहे, त्याला काढायचं तर घरच्याचा होकार हवा, असं त्यांना वाटलं असावं. धाकटा कमरेवर हात ठेवून श्वास घेत होता आणि मास्तरांचा हात बघत होता. मग त्याची नजर त्या हाताच्या दिशेने माझ्यापर्यंत आली.

तो गडी पुन्हा आला तर काय होईल ते मला माहीत नव्हतं. ब्रश मांडून बघितलं असतं तर वस्तराच जिंकला असता.

"राहू द्या!" मी ओरडलो. "राहू द्या त्याला, मास्तर! येऊ दे त्याला कुठूनही, माझा भाऊ बघून घेईल!"

इतक्या जोरात मी आयुष्यात ओरडलो नव्हतो. पुढच्या रांगेतली एक म्हातारी कानावर हात ठेवून वळली. मास्तर खाली बसले.

त्यानंतर धाकट्याने पळणंच सोडून दिलं. अकरा नंबर आला की तो अंगावर जायचा नाही. एक पाऊल मागे, अजून एक पाऊल मागे, बाहेरची वाट उघडी ठेवून आतली बंद. त्या पोराने डावीकडे झुकून दाखवलं, उजवीकडे झुकून दाखवलं, पायातून बॉल फिरवून दाखवला. धाकटा नुसता बॉलकडे बघत राहिला, बिघडलेल्या इंजिनकडे बघतो तसा. शेवटी पोरगा आपल्याच खेळात बॉल घेऊन रेषेबाहेर गेला. लोक हसले. पुढच्या खेपेला पुन्हा तसाच गेला, तेव्हा टाळ्या पडल्या. तिसऱ्या खेपेपासून लोक "खांब! खांब!" करायला लागले, आणि त्यात आता हसणं नव्हतं.

शेवटच्या मिनिटाला अकरा नंबर पहिल्यांदा आत वळला. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा धाकटा जमिनीवर आडवा होता, बॉल आमच्या गोलकीपरच्या कुशीत होता आणि तो पोरगा धाकट्याला हात देऊन उठवत होता. शिट्टी वाजली.

पुढचं काही मला नीट आठवत नाही. केमिस्ट रडत होता. मास्तरांना खांद्यावर घेतलं तेव्हा दिसलं की त्यांचा एक गाल अजून तसाच राहिला होता. धाकट्याच्या बायकोने मला पाठीत एक धपाटा घातला, तो शाबासकीचा होता की जुना हिशोब होता, ते मी विचारलं नाही.

धाकटा चिखलाने माखलेला, लंगडत, गर्दीतून दोरीपाशी आला. माझ्यासमोर उभा राहिला.

"सकाळी विचारलं तेव्हा गप्प का बसलास?"

"सकाळी मला माहीत नव्हतं." माझा घसा पार बसला होता, नुसती हवा येत होती.

"आणि मास्तरांनी विचारलं तेव्हा?"

त्याच्याशी खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. "तेव्हाही माहीत नव्हतं."

मग त्याचा चेहरा लहानपणी व्हायचा तसा झाला, रडू आणि हसू एकाच वेळी आल्यासारखा.

"तरी ओरडलास, दादा," तो म्हणाला, आणि दोरीवरून वाकून त्याने चिखलाचे दोन्ही हात माझ्या गळ्यात टाकले.