घरातलं ‘बघू’

कारखान्यात सगळे त्यांना धाकटे साहेब म्हणत. थोरले साहेब, म्हणजे त्यांचे वडील, जाऊन बरीच वर्षं झाली, धाकट्यांचे केस पिकले, गुडघे कुरकुरायला लागले, पण बढती काही मिळाली नाही. कपडे घासायचे ब्रश बनवणारा हा कारखाना वडिलांनी गळ्यात मारला तेव्हा त्यांना कुणी विचारलं नव्हतं, आणि त्यांनीही कधी तोंड उघडलं नाही.

मध्यंतरी ताईनं, त्यांच्या मोठ्या बहिणीनं आणि निम्म्या भागीदारणीनं, एक सल्लागार आणला. धंदा चालवणाऱ्याला स्वतःचं ध्येय ठाऊक हवं, असं त्याचं म्हणणं. सकाळी तुम्ही कशासाठी उठता, असं त्यानं विचारलं. गजर होतो म्हणून, असं धाकट्यांनी सांगितलं. सगळे पोट धरून हसले. धाकट्यांना मात्र त्या दिवशी जेवण गेलं नाही.

प्रश्न काही पाठ सोडेना. उत्तर सापडलं ते परगावी, मित्राच्या शाळेत. तिथं लाकूडकाम शिकवायला माणूस हवा होता. धाकटे सहज म्हणून गेले, वर्गाला रंधा धरायला शिकवला आणि शिट्टी वाजवत घरी आले. आपण कशासाठी आहोत ते त्यांना कळलं होतं. आता फक्त सुटायचं होतं.

आणि नशिबानं गिऱ्हाईकही चालून आलं. एक मोठी कंपनी कारखाना घ्यायला तयार होती, सगळ्या कामगारांसकट. शुक्रवारपर्यंत उत्तर हवं होतं. वरच्या ऑफिसात ताईनं सरळ विचारलं, देऊन टाकायचा का, तू म्हणशील तसं. ‘हो’ अगदी ओठांवर आलं होतं. पण समोर वडिलांची रिकामी खुर्ची होती, आणि काचेपलीकडं, खाली, माना खाली घालून काम करणारी माणसं.

“बघू,” ते म्हणाले.

आता त्या घरातलं ‘बघू’ काय होतं ते सांगायला हवं. वडील कुणालाच ‘नाही’ म्हणत नसत. सायकल हवी? बघू. ताईला पुढं शिकायचंय? बघू. आईला माहेरी जायचंय? बघू. मागणारा काय ते समजायचा आणि गुपचूप उठून जायचा.

शुक्रवारी धाकटे आरशासमोर ‘हो’ घोकून आले. ब्रशाचे तुकडे आत उडतात म्हणून ऑफिसच्या खिडक्या कायम बंद. घाम पुसत त्यांनी ताईला विचारलं, आज कळवायचं ना?

“परवाच कळवलं. नाही म्हणून. त्यांनी दुसरा कारखाना घेतलासुद्धा.” ताई हसली. “तू ‘बघू’ म्हणालास, मी काय ते समजले.”

ताई बोलतच होती.

“खरं सांगू? मलाच सुटायचं होतं रे. लेकीकडं जाऊन राहायचं होतं. पण म्हटलं, तुझा तरी जीव रमतोय ना इथं. मग मन मारलं.” ती थांबली, त्यांच्याकडं नीट बघू लागली. “काय झालं? तुला द्यायचा होता का?”

त्यांना रडू फुटायचंच बाकी होतं. पण ‘हो’ म्हटलं तर तिनं मन मारलं तेही फुकट, आणि कारखाना तर काही केल्या जाणार नव्हता.

“नाही,” ते म्हणाले. त्या घरात एवढं स्वच्छ उत्तर आजवर कुणी दिलं नव्हतं.

ताईचा जीव भांड्यात पडला. मग कारखाना विकत नाही म्हणून तूच सांग सगळ्यांना, तुझ्याच तोंडून ऐकू देत, असं म्हणत तिनं कामगारांना वर बोलावलं. जिन्यावर पावलं वाजायला लागली.