दादाभाऊचं बेशरमाचं कुंपण

बेशरमाच्या कुंपणात दादाभाऊला फायदाच फायदा दिसत होता. काड्या नदीकाठच्या, फुकटच्या. खोचल्या की फुटणार, जनावर तोंड लावणार नाही. शिवाय मीना नदीला उतरणारी मेंढरांची वाट गुपचूप त्याच्या रानात जमा होणार.

"आन् बाळाबाईची मेंढरं पाण्याला उडून जायाची का?" बायकोनं, निर्मलानं विचारलं.

"तुला लई पुळका!"

कुंपण डोक्याच्या वर गेलं. जांभळी फुलं आली. मोटारसायकलवाले थांबून फोटो काढू लागले. दादाभाऊ मागं असा उभा राही, जसं काही प्रत्येक फूल त्यानंच उमलवलंय.

दिवाळी झाली तसा तो बाळाबाईकडं गेला. कांदा लावायच्या आधी रानात मेंढरं बसवायची होती. लेंडीखताशिवाय त्याचं रान कधी पिकलं नव्हतं.

"आक्का, आवंदा आमच्यात बसवा. बदल्यात बाजरी दीन, पायलीमागं चिपटंभर जास्तच."

"बसवू की. पाणी कुठं पाजू?"

"नदी काय आटली व्हय?"

"नदी हाय. वाट न्हाई."

"पुलावरनं न्या की."

"तुझ्या कांद्यापायी माझ्या मेंढरांनी कोसभर तंगडतोड करायची? लई शाना हाईस."

दादाभाऊनं कोयता घेतला. वाट मोकळी झाली, फांद्यांचा ढीग पडला.

"वाळवून जाळ रं," बाळाबाई म्हणाली. "वल्लं टाकू नगंस."

"वाळंपातुर कोण राखण करतंय? नदी नेईल." त्यानं सगळा ढीग पाण्यात लोटला.

नदीनं नेलाही. खालच्या वळणापर्यंत. तिथं दादाभाऊचीच गाळाची मळई होती, त्याच्या सगळ्या रानातला काळाभोर, लोण्यासारखा तुकडा. पुढचा पावसाळा सरला तेव्हा मळईत माणूस दिसेना एवढं बेशरम माजलं होतं. उपटलं की तुटायचं, तुटलं की दोन ठिकाणी फुटायचं.

पुन्हा तो बाळाबाईच्या दारात.

"आक्का, मळईत मेंढरं सोडा. फुकट चारा हाय."

"जनावर तोंड लावत न्हाई, म्हून तूच लावलंवतंस ना?"

निर्मला पदराआड हसली.

आता मेंढरं रोज वाटेनं पाण्याला उतरतात. फोटोवाले मळईकडं वळतात, तिथं फुलं जास्त. मळईत मेंढरं बसवायला जागा उरली नाही, म्हणून लेंडीखत शेजारच्या सुभाषच्या रानात पडतं. मळई गेली ती एकट्या दादाभाऊची. सातबारा मात्र अजून त्याच्याच नावावर आहे.