कोपरची कलती होडी

मी होडी बोलतेय, कोपरच्या धक्क्यावरची. बोलतेय कसली, चार वर्षं ओरडतच होते! मी कलती नाही, मला कलवतात. फळ्या करकरवून सांगितलं, पाणी आत घेऊन दाखवलं, पण एकानं तरी विश्वास ठेवला असेल तर शपथ. इथं बाईमाणसाचं कुणी ऐकत नाही, तिथं लाकडाचं कोण ऐकणार?

आता सुटले. म्हणून सगळं सांगून टाकते.

माझा जन्म इंग्रज गेला त्या सालचा, पावसाळ्याच्या तोंडचा. महिपत म्हात्रेनं मला धक्क्याजवळच्या चिंचेखाली बांधली. बूड सागाचं, दोन्ही बाजूंच्या कुशी आंब्याच्या. फटीफटीत कापूस ठोकला, वर राळ आणि तेल. खिळा ठोकताना दुखलं नाही असं खोटं कशाला बोलू? दुखलं. पण महिपतनं एकही खिळा उगाच ठोकला नाही.

माझं काम सोपं. पलीकडच्या गावांतली माणसं कोपरला आणायची, संध्याकाळी परत न्यायची. कोपरहून ती पायी डोंबिवली स्टेशन गाठायची, मग कुणी गिरणीत, कुणी कल्याणच्या बाजारात. भाजीच्या पाट्या, दुधाच्या बरण्या, गवताचे भारे, एकदा तर अख्खी नवरी, रडणाऱ्या आईसकट. माणसांची एक गंमत मी पाहिली. चढताना प्रत्येकाला देव आठवतो, उतरताना होडी कुणालाच आठवत नाही.

देवाचं निघालंच आहे तर सांगते. धक्का यायच्या जरा आधी, काठावरच्या खडकावर जरीमरीचं ठाणं आहे. चार दगड, शेंदूर, वर पत्रा. तिथं खाडीला ओढ फार. आई दिसली की होडीतल्या सगळ्यांनी उठून हात जोडायचे आणि तांदळाचे दाणे टाकायचे, ही जुनी रीत. बसून केलेला नमस्कार आईला चालत नाही, असं ह्यांचं ठरलेलं. आईला कुणी विचारलेलं नाही.

महिपत तिथं आला की मला वळवायचा. माझी नाळ, म्हणजे माझं पुढचं नाक, सरळ खडकाकडे करायचा, वल्ही थांबवायचा आणि आरोळी द्यायचा, "आली गो आय!" माणसं उठायची, हात जोडायची, बसायची. मग तो मला परत वाटेला लावायचा. एक पान चघळून होईल इतका वेळ जायचा.

गिरणीवाले कुरकुरायचे. "महिपतदादा, सातची गाडी चुकंल!"

"चुकू दे. आयला नाक दाखवावं, कूस दाखवू नये."

सगळे म्हणायचे, महिपत फार भाविक. मीही तेच समजत होते.

दोन वर्षांनी तापानं तो तीन दिवसांत गेला. चौदाव्या दिवशी त्याची बायको हौसाबाई धक्क्यावर आली, पदर खोचला आणि वल्ही हातात घेतली. चाळिशीची बाई, शाळा तिसरीपर्यंत, जीभ मात्र मॅट्रिक पास. कुणीतरी म्हणालं, "बाई होरी हाकणार?" ती म्हणाली, "मंग तू हाक. मी तुझ्या घरात बसून भाकरी खाते." पुन्हा कुणी विचारलं नाही.

हात तिचे दणकट. आणि वेग? महिपतपेक्षा लवकर धक्क्याला लावायची मला. "माझ्या होरीतला माणूस सातच्या गाडीला कवा चुकला नाय," असं सांगायची, आणि ते खरं होतं. खडक आला की आरोळी तीच, "आली गो आय!", पण मी सरळ पुढे.

तेव्हापासून मी कलायला लागले. खडकापाशी आले की येताना डावीकडे, जाताना उजवीकडे. पहिल्यांदा एका मास्तरांची छत्री गेली. मग एक बकरी पडली, ती पोहत आधी काठाला लागली आणि आमच्याकडे बघत उभी राहिली. मग भाजीच्या पाट्या. प्रत्येक वेळी लोक म्हणाले, होडी अवलक्षणी. कुणी म्हणालं माझी एक फळी देवराईतल्या झाडाची आहे, चोरलेली. साफ खोटं! महिपतनं त्याच्या बापाच्या आंब्याची फळी घातली होती. मी जीव तोडून करकरले, तर म्हणाले, "बघा, भूत बोलतंय."

माघातला मंगळवार होता. आईचा वार, म्हणून पंचवीस माणसं, हातात नारळ, फुलं. हौसाबाईनं आरोळी दिली. पंचवीस माणसं एकदम उठली, डाव्या कुशीवर आली आणि वाकली. मी जितकं सहन होईल तितकं केलं. मग उलटले.

ओहोटी होती, हे नशीब. छातीभर पाणी, खाली चिखल. हौसाबाईनं म्हाताऱ्या गोदूबाईला केसांना धरून बाहेर ओढलं. पंचवीस मोजली, पंचवीस भरली. खाडीनं कुणाला ठेवून घेतलं नाही. गोदूबाईनं पोटातलं पाणी ओकलं आणि पहिलं वाक्य बोलली, "माझा नारळ कुठाय?"

पण गाव हादरलं. गावचा पोलीस पाटील तानाजी, नात्यानं हौसाबाईचा चुलत दीर, धक्क्यावर उभा राहून म्हणाला, "वयनी, आज आयनं सोडलं. पुढल्या टायमाला सोडायची नाय. यंदा होळीला हीच होरी लावू. सगल्या गावाची इडा टळंल."

"माझ्या नवऱ्याच्या हातची हाय ती."

"म्हणून काय माणसं मारायची?"

होडी गेली की तिची तर, म्हणजे माणसं खाडीपार न्यायचं काम, गेली, आणि नवऱ्याचं जे काही उरलं होतं तेही गेलं. मला चिंचेला बांधून घातली. पोरं माझ्याभोवती फिरून कुठली फळी आधी पेटेल ह्याच्या पैजा लावायची. ऐकून घेतलं मी. काय करणार?

हौसाबाई गप्प बसणारी नव्हती. ती चालत ठाण्याला गेली, बंदराच्या कचेरीत अर्ज दिला. तिथं ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या सगळ्या तरींची पाहणी चालली होती. कुठं किती माणसं चढतात, अपघात का होतात, झालाच तर वाचवायला काय आहे, हे सगळं तपासायचं. होळीला आठ दिवस असताना गुप्ते साहेब आले. ठाण्याचेच, तिशीचे, डोक्यावर हॅट, हातात जाड वही.

"होडी उलटली तर काय करायचं ठरवलंय तुम्ही?" त्यांनी विचारलं.

"पोहायचं. दुसरं काय, अर्ज करायचा?"

"दोर आहे? धरून तरंगायला काही?"

"माझी वेणी हाय."

साहेब हसले नाहीत. वहीत लिहिलं. मग मला उलटी करून फळीन् फळी ठोकून पाहिली. बूड मापलं, कुशी मापल्या. सहा वर्षांत माझ्याकडे इतकं नीट कुणी बघितलं नव्हतं. लाज वाटली, आणि बरंही वाटलं.

"होडीत दोष दिसत नाही," साहेब म्हणाले.

"दोष दिसत नसतो साहेब, लागतो," तानाजी म्हणाला.

साहेबांनी वाळूची पंचवीस पोती मागवली. एकेक पोतं माणसाच्या वजनाचं. ती माझ्यात माणसांसारखी रांगेनं बसवली आणि हौसाबाईला म्हणाले, रोजच्यासारखी चालव. सगळा गाव काठावर. खडक आला. हौसाबाईनं सवयीनं आरोळीही दिली, "आली गो आय!" मी ताटासारखी सपाट गेले. जाताना सपाट, येताना सपाट.

तानाजी म्हणाला, "पोत्यांचं काय घेऊन बसलाव? आयला माणसं पायजेत."

"बरं, माणसं घेऊ," साहेब म्हणाले. "ओहोटीला घेऊ. पोहणारी पंचवीस या. मीही बसतो. मी काही देवभोळा नाही, मी नजर ठेवीन."

दुसऱ्या दिवशी पंचवीस जण बसले, सव्विसावे साहेब, वही छातीशी धरून. खडक आला. आरोळी आली. पंचवीस जण उठले, आणि सांगू? साहेबही उठले! वही काखेत, हॅट हातात, दोन्ही हात जोडलेले, माझ्या डाव्या कुशीवर सगळ्यात पुढे. मी कलले. साहेब पाण्यात गेले.

चिखलातून वर काढताना कुणीतरी म्हणालं, "साहेब, तुमी पण?"

साहेबांच्या डोळ्यांवर केस आलेले, पण ते एकाएकी मोठ्यानं हसले. "पोती उठली नाहीत!" ते म्हणाले. "अहो, पोत्यांनी नमस्कार केला नाही! सगळं वजन एका बाजूला येतं, म्हणून ही कलते. होडी निर्दोष आहे."

निर्दोष! चार वर्षांनी तो शब्द कानावर आला. माझ्या फळीफळीतून पाणी गळत होतं. ते खाडीचंच होतं, असं धरा.

धक्क्यावर येऊन साहेबांनी धोतर मागून घेतलं, नेसले, आणि विचारलं, "हौसाबाई, तुमच्या यजमानांच्या वेळी कलायची का?"

"एकदा पण नाय."

"तेव्हा लोक उठत नव्हते?"

"उठायची की."

"मग ते वेगळं काय करायचे?"

"काय करायचे? उशीर करायचे!" हौसाबाई फणकारली. "होरी वळवायची, आयला नाक दाखवायचं, मंग..."

आणि ती मधेच थांबली. वल्हं हातात तसंच. मीही थांबले, कारण मलाही त्याच क्षणी समजलं. नाक आईकडे असलं की माणसं पुढे झुकतात, माझ्या लांबीवर. लांबीवर मी पंचवीस काय, तीस पेलीन. कुशीवर दहा पेलवत नाहीत. महिपतला हे ठाऊक होतं. लोकांना वजनाचं सांगितलं असतं तर कुणी ऐकलं नसतं, म्हणून त्यानं आईचं नाव सांगितलं.

तिसरी फेरी लगेच केली. हौसाबाईनं मला वळवली, नाक खडकाकडे. पंचवीस माणसं उठली, हात जोडले. मी नुसती मान हलवली, नमस्कार केल्यासारखी. काठावर गोदूबाई ओरडली, "महिपत आला बघा!"

होळीला त्या वर्षी एरंडाची फांदी आणि गोवऱ्या लावल्या. मी चिंचेखालून ती पाहिली आणि आयुष्यात पहिल्यांदा आग बघून बरं वाटलं.

आता माझी अकरा वर्षं झाली. कुशीवर पांढरी रेघ आहे. ती पाण्यात गेली की हौसाबाई पुढच्या माणसाला हातानं मागे ढकलते, मग तो पोलीस पाटील का असेना. आडव्या फळ्यांखाली तोंड बंद केलेले सहा रिकामे डबे बांधलेत, आणि वीस हात दोर. अजून एकदाही लागला नाही. तरीचं काम हौसाबाईकडेच आहे. सातची गाडी अधूनमधून चुकते, लोक कुरकुरतात. कुरकुरू देत. माझं तुमच्यापाशी एवढंच मागणं आहे, हात जोडा, जरूर जोडा, पण आधी मला वळू द्या.

एक मात्र सांगायचं राहिलं. त्या दिवशी साहेबांच्या कागदावर एक रकाना मोकळा होता, अपघाताला जबाबदार कोण? होडीचं लिहिता येत नव्हतं. देवीचं लिहायची कुणाची छाती नव्हती. तेव्हा तानाजी हळूच म्हणाला, "महिपतचं लिवा साहेब. त्यानं कुणाला नीट सांगून ठेवलं नाय. गेलेल्या माणसाला काय व्हायचंय? वयनीचं काम तरी राहील."

साहेबांचा टाक थांबला. त्यांनी हौसाबाईकडे पाहिलं. तिनं नुसतं गप्प राहायचं होतं. महिपतऐवजी जिवंत माणसाचं नाव लागलं, तर तिचं तरीचं काम जाईल की राहील, हे त्या वेळी साहेबांनाही माहीत नव्हतं.

हौसाबाई उठली. "ज्यानं जलमभर होरीचं नाक फिरवलं, त्याच्या माथी मारता? भावजी, परत बोललाव तर खाडीत बुचकळून काढीन."

मग ती कागदासमोर जाऊन बसली आणि रकान्यावर बोट ठेवलं.

"लिवा साहेब. वळवायचं सोडलं ती मी. वर आरोळी देऊन सगल्यांना उठवायची, ती पण मीच. गाडीची घाई माझी. नीट अक्षरात लिवा, मना वाचता येतं. हौसाबाई महिपत म्हात्रे."