सुईदोऱ्याचा एक जुना प्रश्न

घाबरू नका मित्रांनो, मी गणिताच्या पेपरातला प्रश्न नाही. लोक एकमेकांना अडचणी विचारतात अशा एका संकेतस्थळावर मुक्कामाला असलेला मी एक जुना प्रश्न आहे. प्रश्नालाही आयुष्य असतं, हे तुम्हाला पटणार नाही. पण ऐका तर खरं.

माझा जन्म एका प्रयोगशाळेत, जेवणाच्या सुट्टीत झाला. तिथे रक्त तपासणाऱ्या एका मुलीने मांडीवर डबा सांभाळत मला मोबाइलवर लिहिलं. तिची आई कपडे शिवायची. अर्धांगवायूच्या झटक्यानंतर आईचा उजवा हात लुळा पडला. पायाने मशीन चालत होतं, डाव्या हाताने कापड सरकत होतं, पण सुईत दोरा काही ओवला जाईना. मुलगी कामावर निघताना ओवून द्यायची. तो तुटला, की आई ती परत येईपर्यंत मशीनसमोर नुसती बसून राहायची. शेजारणीला हाक मारणं तिच्या स्वभावात नव्हतं. "एवढ्याशा कामाला माणूस लागत असेल, तर विकून टाक ते मशीन," असं ती म्हणू लागली होती.

म्हणून मुलीने मला असं लिहिलं : "फक्त डाव्या हाताने शिलाई मशीनच्या सुईत दोरा कसा ओवायचा?"

आता मी इतका सरळ, की मला फाटे फोडायला जागाच नव्हती. तरी लोकांनी ते फोडलेच. एक दादा म्हणाले, "ताई, या वयात आईला कशाला राबवता?" दुसऱ्याने नवीन मशीन घ्यायला सांगितलं. एका बाईंनी स्वतःच्या सुनेच्या शिवणाचं कौतुक केलं. दोघांची पायाचं मशीन चांगलं की मोटरचं, यावरून चांगलीच जुंपली. मुलगी बिचारी प्रत्येकाला लिहायची, "धन्यवाद, पण मला दोरा ओवण्याबद्दल हवंय." शेवटी वैतागून तिने माझ्याखाली जोडलं, "कृपया नवीन मशीन सुचवू नका." तेव्हा एकाने जुनं सुचवलं.

मग सगळे गप्प झाले. आमच्याकडे रीत अशी, की ज्याला ताजं उत्तर मिळतं तो प्रश्न वर येतो, बाकीचे खाली जातात. मी पार तळाला गेलो. एके दुपारी मुलीने मशीन विकण्याची जाहिरात लिहून तयार केली आणि मला पुसून टाकायला आली. मला फार वाईट वाटलं. उत्तर न मिळता संपून जाणं कुठल्याच प्रश्नाला आवडत नाही.

नेमकं तेव्हाच एका काकांनी माझ्याखाली लिहिलं, "आमचा फ्रिज सारखा घरघरतो. काय करावं?" कुठलाही विषय असो, हे काका आपलं घोडं पुढे दामटणारच. मुलगी चिडली. "काका, हा प्रश्न शिवणाचा आहे," असं लिहीपर्यंत तिची सुट्टी संपली आणि मला पुसायचं राहून गेलं. पण काकांच्या फ्रिजमुळे मी सगळ्यात वर आलो. तिथे मला एका मावशींनी पाहिलं.

मावशींनी मला शेवटपर्यंत वाचलं. उत्तर देण्याआधी त्यांनीच विचारलं, "कापड दाबून धरणारा मशीनचा फूट खाली घ्यायचा खटका मागे आहे ना? आईंचा डावा हात तिथे पोचतो?"

"हो, पोचतो," मुलीने संध्याकाळी घरी पाहून लिहिलं.

"मग जमेल. माझाही एकच हात चालतो. भोकाला बाजूने चीर असलेली सुई मिळते, ती बसवून द्या. दोऱ्याचं टोक फुटाखाली दाबायचं. मग ताणलेला दोरा सुईला टेकवून खाली सरकवायचा, तो चिरेतून आत जातो. सुरुवातीला त्यांची चिडचिड होईल. तुम्ही मदतीला धावू नका."

माझा जीव भांड्यात पडला. मित्रांनो, त्या मावशींचे उपकार मी विसरणार नाही आणि काकांचेही नाही. त्यांचा फ्रिज अजून घरघरतोय. कोणाला इलाज ठाऊक असेल तर जरूर सांगा, पण माझ्याखाली नको. आणि एवढं करा, उत्तर द्यायला बसलात तर आधी प्रश्न नीट वाचा. समजला नाही तर विचारा. कोणीतरी त्या उत्तरासाठी अडून बसलेलं असतं.

त्या घरातलं हे सगळं मला कसं कळलं, तर मावशींच्या उत्तराखाली मुलीने पुढे लिहिलेल्या ओळींवरून. ती जाहिरात तिने कुठेच दिली नाही. तिने लिहिलं होतं, "मावशी, आज दोरा दोनदा तुटला होता म्हणे. आईने मला रात्री जेवताना सहज सांगितलं."