घोरपडीचं कोपर

विमानतळावर कोरोतुमू जाराचा चिखल जप्त झाला.

मडकंभर चिखल. माली देशातल्या बानी नदीचा, वर्षभर कुजवलेला. अधिकाऱ्याने झाकण उघडलं, नाकाला रुमाल लावला आणि मडकं बाजूला सरकवलं. कोरोतुमूने वाद घातला नाही. चिखल काय, कुठेही मिळतो. तो ओळखणारं नाक आपलं असलं म्हणजे झालं, आणि नाक कोणी जप्त करत नाही.

ही दोन वर्षांमागची गोष्ट. मध्य प्रदेशातल्या वारासिवनीच्या विणकरांना चिखलाने कापड रंगवायला शिकवण्यासाठी ती थोड्या दिवसांकरता आली होती. आता जवळच्याच बालाघाटात, घरमालकीण विमलाबाईंच्या मागच्या खोल्यांत, तिचा दुसरा हिवाळा चालू होता. घर तिला कोरोबाई म्हणत होतं. तिची मराठी विमलाबाईंच्या स्वयंपाकघरात तयार झालेली, त्यामुळे ती ‘हो’ला ‘हौ’ म्हणायची आणि ‘का’ऐवजी ‘काहून’ विचारायची.

पिवळं

किरनापूरच्या रस्त्याला तिने जीप थांबवायला लावली होती. धावड्याचं झाड! तिच्या गावी याचाच भाऊबंद उगवतो. पान चावलं, जीभ आखडली, आणि ती एकटीच मोठ्याने हसली.

पाला उकळायचा. त्यात कापड बुडवायचं, उन्हात टाकायचं. हळदीसारखं पिवळं होतं.

काळं

गावाबाहेरच्या तळ्याचा तळ. म्हशी बसतात तिथला, कुजट वासाचा. पाल्याने पिवळ्या झालेल्या कापडावर तो लागला की काळा रंग चढतो. धुवायचं, पुन्हा पाल्यात, पुन्हा चिखल. काळं पक्कं होईपर्यंत.

आणि नक्षी? नक्षी ती काढतच नव्हती.

“घोरपड काढू नको,” आजीने सांगितलं होतं. “घोरपडीभोवतीचं रान काढ. ती आपली आपण येऊन बसते.”

घोरपडीचं कोपर हे आजीचं आवडतं चिन्ह. रानात वाट चुकलेल्याला घोरपड पाण्यापाशी नेते म्हणतात. लहानशी कोरोतुमू बांबूची काडी धरून बसायची आणि कोपराच्या चारी बाजूंनी चिखल भरत जायची. पुढे ती बामाकोच्या कलाशाळेत गेली. तिथे तिला मोठी मोठी कापडं आणि मोकळा हात मिळाला. मग पॅरिस, मग दिल्ली. सगळीकडे भिंती. काचेमागे तिची कापडं, शेजारी तिचं नाव.

आजीची कापडं बायका लग्नात गुंडाळायच्या, बाळंतपणात गुंडाळायच्या. आजी म्हणायची, घाम लागल्याशिवाय कापड पुरं होत नाही.

कोरोतुमूचं एकही पुरं झालं नव्हतं.

म्हणून विमलाबाईंच्या मुलाचं, धर्मेंद्रचं लग्न ठरताच तिने वारासिवनीची सुती साडी घेतली आणि रंगवायला बसली. कटंगीची मयुरी सून म्हणून घरात आली तेव्हा साडी अंगणात वाळत होती, काळ्यात पिवळी कोपरं.

“लगनघरात काळं?” विमलाबाई ओरडल्या. “कोरोबाई, काढ ते आधी!”

“मंग कवा?”

“संक्रांतीले. पहिल्या संक्रांतीले सून काळी साडी नेसते. पन ते मी दुकानातून आनीन.”

“काहून?”

“काहून म्हंजे? म्हशीखालचा चिखल नेसवू काय सुनेले?”

“आई, मैं तो यही पहनूँगी,” मयुरी आतून म्हणाली.

(दार बंद)

बांगड्या. स्टीलचा डबा आपटल्याचा आवाज. मग मयुरीचं हसू, आणि त्यावर विमलाबाईंचं “आगाऊ हायेस तू.”

दार उघडलं.

“नेसन ते,” विमलाबाई म्हणाल्या. “पन पिवळं पिवळंच राहू दे. हळदीवानी हाय. तू मंग त्याले पांढरं करतेस, ते नाही चालनार. पांढरं सवाष्णीचं नोहे.”

पांढरं करणं हीच तर कोरोतुमूची शेवटची पायरी. शेंगदाणे आणि धुण्याचा सोडा एकत्र वाटून तो लेप पिवळ्यावर लावायचा, दिवसचे दिवस, कोपरं पांढरीशुभ्र उमटेपर्यंत. त्याशिवाय कापड म्हणजे अर्धंच. पुरं केलं तर ते भिंतीवर जाणार, आणि अंगावर घालायचं तर अधुरंच जाणार.

आजी असती तर? आजी अधुरं देत नसे. पण आजीने भिंतीलाही कधी काही दिलं नाही.

पांढरं

संक्रांत जवळ आली. विमलाबाई उन्हात बसून सुनेसाठी हलव्याचे दागिने ओवत होत्या. काटेरी, साखरेचे दाणे. हार पुरा झाला तसा तो कसा दिसतो ते बघायला त्यांनी दोरीवरच्या साडीवर धरला.

कोरोतुमू बघत राहिली. काळ्यावर पांढरं.

“विमलाबाई, हे कोनच्या रंगाचं हाय?”

“पांढरं. दिसत नाही काय?”

“सवाष्णीच्या गळ्यात पांढरं?”

“अवं, ते हलव्याचं हाय!”

“आन माह्यं शेंगदान्याचं हाय.”

विमलाबाईंचा हात हारासकट तसाच थांबला. त्यांनी हाराकडे पाहिलं, साडीकडे पाहिलं, आणि मग इतक्या हसल्या की मांडीवरचे दाणे अंगणभर झाले.

“कर बाई, कर पांढरं! पन पदरावरचं एक पिवळं ठेव. माह्यासाठी.”

कोरोतुमूने आजवर एकही कोपर तसं सोडलं नव्हतं. तिने पदरावरचं अगदी टोकाचं निवडलं. लेप लावताना ती त्याला वळसा घालून गेली, भोवती रान भरावं तशी.

हळदीकुंकू

बायका मयुरीभोवती गोळा झाल्या. कोणी निऱ्या चाचपल्या, कोणी वास घेतला. शेजारच्या नूतनताई म्हणाल्या, “हे तर फ्रेम करून हॉलमध्ये लावाले पाह्यजे!”

“भिंत साडी नेसते काय वं?” विमलाबाई म्हणाल्या. “तिळगूळ घे.”

मयुरी दुपारभर वाटत फिरली. गुळाने चिकट झालेली बोटं तिने न बघता पदराला पुसली. पांढऱ्या कोपरावर तिळाच्या तेलाचा डाग, आणि काखेपाशी घामाची ओली रेघ.

“अगं पोरी! धुवाचा सोडा आन, लवकर आन!” विमलाबाई धावल्या.

कोरोतुमू मध्ये उभी राहिली. पदर तिने मुठीत घट्ट धरला.

“हात नाही लावाचा,” ती म्हणाली. “आता माह्यं काम सरलं.”